‘स्वगत’ कोण ऐकते? : ‘सोलिलोक्वी’ या संज्ञेविषयी

परभाषेतील एखाद्या संज्ञेला आपल्या परंपरेत तयार प्रतिशब्द सापडला की अभ्यासकाला एक प्रश्न सुटल्याचे समाधान लाभते. परंतु पुष्कळदा त्याच क्षणी दुसरा, अधिक महत्त्वाचा प्रश्न झाकला जातो. इंग्रजी नाट्यविचारातील ‘सोलिलोक्वी’ आणि मराठीतील ‘स्वगत’ या जोडीच्या बाबतीत असेच घडले आहे. पदव्युत्तर वर्गात या दोन शब्दांचे समीकरण इतके गृहीत धरलेले असते की त्याविषयी शंका घेणे हा पांडित्याचा अतिरेक वाटावा. ‘रंगमंचावर एकट्या असलेल्या पात्राने आपल्या मनातील विचार प्रकट करणे म्हणजे स्वगत’ अशी व्याख्या विद्यार्थी लिहितो, उदाहरण म्हणून हॅम्लेटच्या तिसऱ्या अंकातील भाषण देतो, आणि त्याला गुणही मिळतात. या व्याख्येतील प्रत्येक शब्द तपासण्यासारखा आहे. पात्र एकटे असते काय? ते प्रकट करते ते विचार असतात की शब्द? आणि प्रकट करते ते कोणासाठी? हे प्रश्न केवळ परिभाषेचे नाहीत. त्यांच्या उत्तरांवर शेक्सपिअरच्या नाटकांतील कित्येक प्रसंगांचा अर्थ अवलंबून आहे; आणि आपल्या नाटकांकडे आपण कोणत्या चष्म्यातून पाहतो, हेही.

प्रथम ‘स्वगत’ या आपल्या शब्दाकडे पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात चित्राभिनयाच्या संदर्भात आकाशवचन, आत्मगत, अपवारित आणि जनान्तिक या भाषणप्रकारांचा विचार येतो. दहाव्या शतकातील धनंजयाने दशरूपकाच्या पहिल्या प्रकाशात तो अधिक काटेकोर केला. नाट्यधर्माच्या दृष्टीने त्याने संवादवस्तूचे तीन प्रकार मानले : सर्वांनी ऐकण्याजोगे ते सर्वश्राव्य, म्हणजे ‘प्रकाश’, कोणीच ऐकू नये ते अश्राव्य, म्हणजे ‘स्वगत’, आणि ठरावीक व्यक्तींनीच ऐकावे ते नियतश्राव्य. या शेवटच्या प्रकारात जनान्तिक आणि अपवारित हे दोन भेद येतात. जनान्तिकात त्रिपताक हस्ताच्या आडोशाने इतरांना वगळून दोन पात्रे आपसात बोलतात. अपवारितात पात्र तोंड फिरवून दुसऱ्याला गुपित सांगते. चौदाव्या शतकातील विश्वनाथाने साहित्यदर्पणात हीच व्यवस्था थोड्याफार फरकाने स्वीकारली आहे.

या वर्गीकरणाचे मर्म आपण सहसा लक्षात घेत नाही. ते वक्त्यावरून केलेले नसून श्रोत्यावरून केलेले आहे. वक्ता एकटा आहे की समुदायात आहे, तो विचार करतो आहे की बडबडतो आहे, त्याच्या मनात कलह आहे की निश्चय आहे, यांपैकी कशाशीही धनंजयाला कर्तव्य नाही. रंगमंचावरील इतर पात्रांपैकी कोणाच्या कानांवर हे शब्द पडतात, असे मानायचे, एवढाच त्याचा प्रश्न आहे. प्रेक्षक अर्थातच सगळे ऐकतो. त्याचे ऐकणे गृहीत असल्यामुळे ते वर्गीकरणात येतच नाही.

याचा एक परिणाम असा की ‘स्वगत’ ही सूचना संस्कृत नाटकात मुख्यतः तेथेच येते जेथे रंगमंचावर दुसरे कोणीतरी हजर असते. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात आश्रमकन्या दुष्यंताला त्याची ओळख विचारतात, तेव्हा ‘आता आपण कोण हे सांगावे की लपवावे’ असा विचार तो ‘आत्मगत’ करतो आणि लगेच ‘प्रकाश’ उत्तर देतो. आत्मगत आणि प्रकाश ही जोडी आहे. एकीच्या विरोधानेच दुसरीला अर्थ येतो. उलट दुसऱ्या अंकाच्या आरंभी विदूषक एकटाच प्रवेश करतो आणि राजाच्या मृगयेच्या नादापायी झालेल्या आपल्या हालांची लांबलचक तक्रार करतो. तेथे सूचना आहे ती केवळ निःश्वास टाकल्याची. तिसऱ्या अंकाच्या आरंभी विरहव्याकूळ राजा एकटाच येतो. तेथेही चिंता आणि निःश्वास यांचाच निर्देश आहे. ‘स्वगत’ म्हणण्याची गरज कालिदासाला भासली नाही, कारण ज्याच्यापासून लपवायचे असा कोणी रंगमंचावर नव्हताच.

याचा अर्थ सरळ आहे. मूळ अर्थाने ‘स्वगत’ हे इंग्रजीतील ‘सोलिलोक्वी’पेक्षा ‘असाइड’ या संज्ञेच्या कितीतरी जवळचे आहे. ज्याला इंग्रजीत सोलिलोक्वी म्हणतात त्या विदूषकाच्या किंवा दुष्यंताच्या एकट्याने केलेल्या भाषणाला संस्कृत नाट्यशास्त्राने या व्यवस्थेत वेगळे नावच दिलेले नाही. आपण मात्र असाइडचे नाव उचलून सोलिलोक्वीला दिले. मग असाइडला नाव उरले नाही, म्हणून काहींनी त्याला ‘जनान्तिक’ म्हटले, जे त्याहून चुकीचे आहे; कारण जनान्तिक हा दोघांमधला संवाद असतो. परिभाषेच्या घरातली ही अदलाबदल निरुपद्रवी ठरली असती, जर ‘स्वगत’ शब्दाने आपल्याबरोबर ‘अश्राव्य’ हा गुण आणला नसता.

आता इंग्रजी शब्दाकडे वळू. त्याचा जन्म रंगभूमीवर झालेला नाही. इसवी सनाच्या ३८६-८७ च्या सुमारास संत ऑगस्टीनने ‘सोलिलोक्विया’ नावाचा लॅटिन ग्रंथ लिहिला. ‘एकटा’ आणि ‘बोलणे’ या अर्थांच्या दोन लॅटिन शब्दांपासून त्याने हे नाव घडविले, आणि नाव नवे आहे, कदाचित कर्कशही आहे, परंतु विषयाला साजेसे आहे, असे स्पष्टीकरणही त्या ग्रंथातच दिले. गंमत अशी की हा ग्रंथ एकभाषित नाही, संवाद आहे. ऑगस्टीन आणि त्याची विवेकबुद्धी यांच्यात प्रश्नोत्तरे चालतात. चारचौघांत वाद घालताना हार मानायची माणसाला लाज वाटते. स्वतःशीच वाद घातला तर सत्याची वाट मोकळी राहते, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी भावनांचा उद्रेक नाही, मनाचा अनावर प्रवाहही नाही. तेथे शिस्तबद्ध आत्मपृच्छा आहे.

इंग्रजीत हा शब्द दीर्घकाळ भक्तिपर चिंतनाच्या लेखनाशीच जोडलेला होता. शेक्सपिअरच्या संपूर्ण नाट्यसंहितेत तो एकदाही येत नाही. आपण ज्यांना त्याची ‘सोलिलोक्वी’ म्हणतो त्या भाषणांना त्याने आणि त्याच्या नटांनी काय म्हटले असेल, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी एवढे निश्चित की या संज्ञेबरोबर आज येणारा अर्थ त्यांच्या मनात असण्याचे कारण नव्हते. रंगभूमीच्या संदर्भात हा शब्द सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळलेला दिसतो. जॉन शेफिल्डने १६८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या काव्यविषयक पद्यनिबंधात अशी भाषणे मोजकी असावीत, आखूड असावीत आणि आवेगाच्या भरातच यावीत, अशी तंबी नाटककारांना दिली आहे. संज्ञा स्थिर होते त्याच वेळी तिच्याविषयी संशयही व्यक्त होतो, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. कोणतीही रूढी जोवर सहज असते तोवर तिला नावाची गरज लागत नाही. ती खटकू लागली की तिचे नामकरण होते.

‘असाइड’चा इतिहासही असाच उद्बोधक आहे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या आरंभीच्या चतुष्पत्री आवृत्त्यांत आणि १६२३ च्या फोलिओत ही सूचना फार थोड्या ठिकाणी आढळते. आपण आज वाचतो त्या आवृत्त्यांत पानोपानी दिसणारे ‘असाइड’ हे बव्हंशी निकोलस रो याच्या १७०९ च्या आवृत्तीपासून पुढच्या संपादकांनी घातलेले आहेत. संपादक हा येथे टीकाकारच असतो. कोणते वाक्य कोणी ऐकले नाही, हे तो ठरवितो, आणि त्याचा निर्णय कंसात तिरक्या अक्षरांत छापला गेला की वाचक तो नाटककाराचा समजतो. आपल्याकडे इंग्रजीच्या पाठ्यपुस्तकी आवृत्त्यांवरून भाषांतरे झाली. त्यामुळे हे अठराव्या शतकातले निर्णय मराठीत ‘स्वगत’ बनून विनातक्रार शिरले.

शेक्सपिअरच्या रंगभूमीवर एकट्याचे भाषण श्राव्य होते की अश्राव्य, हा प्रश्न केवळ तर्काने सुटणारा नाही. सुदैवाने नाटकेच त्याचे उत्तर देतात. ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या दुसऱ्या अंकातील मॅल्व्होलिओचा प्रसंग घ्या. आपण एकटेच आहोत या समजुतीत तो ऑलिव्हियाशी लग्न झाल्यानंतरच्या आपल्या थाटामाटाची स्वप्ने मोठ्याने रंगवितो, आणि झाडाआड दडलेले सर टोबी, सर अँड्रू व फेबियन त्याचा शब्द न् शब्द ऐकतात, चिडतात, शिव्या घालतात. त्यांच्या शिव्या मात्र मॅल्व्होलिओला ऐकू येत नाहीत. एकाच प्रसंगात एकट्याचे भाषण पूर्णपणे श्राव्य आहे आणि समुदायातील कुजबुज त्याच्यापुरती अश्राव्य आहे. धनंजयाला हा प्रसंग दाखविला असता तर त्याने मॅल्व्होलिओचे भाषण ‘प्रकाश’ ठरविले असते आणि टोबी-मंडळींच्या बोलण्याला ‘नियतश्राव्य’ म्हटले असते. आपला विद्यार्थी नेमके याच्या उलट लिहितो.

हे एकच उदाहरण असते तर त्याला विनोदी नाटकाची सोय म्हणता आले असते. परंतु सज्ज्यात उभ्या ज्यूलिएटचे मनोगत खाली बागेत रोमिओ ऐकतो. आणि आपले मन त्याच्यासमोर उघडे पडले, हे कळल्यावर ती जी लाजते त्या लज्जेवरच त्या प्रसंगाचा पुढचा सगळा डोलारा उभा आहे. ज्यूलिएट मनात विचार करीत असती तर रोमिओला काही कळलेच नसते. ‘लव्हज लेबर्स लॉस्ट’च्या चौथ्या अंकात तर एकामागून एक येणारे प्रेमवीर आपापले गुपित एकट्याने बोलतात आणि आधी येऊन लपलेला प्रत्येक जण पुढच्याचे ऐकतो, चोरून ऐकणाऱ्यांची अशी उतरंडच तेथे रचलेली आहे. या सर्व ठिकाणी गृहीत एकच आहे : पात्र बोलते ते बोलतेच. तो त्याच्या जगातला खराखुरा आवाज आहे आणि जवळ कोणी असेल तर त्याच्या कानी तो पडतो.

आता हॅम्लेटच्या त्या प्रसिद्ध भाषणाकडे यावे लागते. दुसऱ्या अंकाच्या शेवटी नट निघून गेल्यावर हॅम्लेट आपण आता एकटे आहोत, असे स्पष्ट म्हणतो आणि मग स्वतःची निर्भर्त्सना सुरू करतो. तिसऱ्या अंकातील भाषणाआधी असे काहीच नाही. उलट क्लॉडिअस आणि पोलोनिअस त्याचे बोलणे ऐकण्यासाठी मुद्दाम आडोशाला गेले आहेत, आणि हातात पुस्तक देऊन ठेवलेली ऑफेलिया रंगमंचावरच आहे. एवढेच नव्हे, तर ऑफेलिया दृष्टीस पडेपर्यंतच्या त्या संपूर्ण भाषणात हॅम्लेट ‘मी’ हे सर्वनाम एकदाही वापरीत नाही. बापाचा खून, आईचा पुनर्विवाह, पिशाच्चाची आज्ञा, यांपैकी कशाचाही त्यात उल्लेख नाही. पहिल्या व दुसऱ्या अंकांतील त्याची एकट्याची भाषणे याच गोष्टींनी खदखदत आहेत. मग येथे हा माणूस एकाएकी इतका सामान्य, इतका तत्त्वचिंतकी भाषेत का बोलतो?

जेम्स हर्श यांनी ‘शेक्सपिअर अँड द हिस्टरी ऑफ सोलिलोक्वीज’ या २००३ मधील ग्रंथात याचे एक धीट उत्तर दिले आहे. त्यांच्या मते, आपल्यावर पाळत आहे हे हॅम्लेटला ठाऊक आहे आणि हे भाषण तो ऐकणाऱ्यांची दिशाभूल करण्यासाठी करतो. त्या काळातील संकेतानुसार एकट्याची भाषणे ही पात्राने स्वतःशी, परंतु मोठ्याने बोललेली असतात, प्रेक्षकांशी नव्हे आणि मनातल्या मनात तर नव्हेच. या मताला कडाडून विरोध झाला. मला स्वतःला दिशाभुलीचा सिद्धान्त पूर्णपणे पटत नाही. क्लॉडिअस नंतर त्या भेटीबद्दल बोलतो तेव्हा त्याच्या बोलण्यात मृत्युविषयक चिंतनाचा प्रतिसाद स्पष्टपणे सापडत नाही, आणि आपले श्रोते फसले की नाहीत हे पाहण्याची हॅम्लेटची नेहमीची खोड येथे दिसत नाही. शिवाय प्रेक्षकांशी थेट बोलण्याचा संकेत त्या काळी संपुष्टात आला होता, हे हर्श यांचे विधान ‘टू जंटलमेन ऑफ व्हेरोना’मधील लाँसला लागू करताना अवघड जाते, बूट आणि काठी मांडून आपल्या घरच्यांच्या निरोपाचा देखावा तो जो ‘दाखवून’ देतो, तो दाखविण्यासाठी समोर कोणीतरी लागतेच. परंतु एवढे मतभेद ठेवूनही हर्श यांनी उपस्थित केलेला मूळ प्रश्न टाळता येत नाही. हॅम्लेटचे हे भाषण ऐकू जाण्याजोगे आहे काय? हा प्रश्न मराठीतून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला पडूच शकत नाही, कारण त्याच्या हाती दिलेल्या संज्ञेने त्याचे उत्तर आधीच देऊन ठेवले आहे. ते ‘स्वगत’ आहे. म्हणजे अश्राव्य आहे. म्हणजे आडोशाची माणसे काही क्षण बहिरी झाली आहेत.

येथे कोणी म्हणेल की मग इंग्रजी टीकेनेसुद्धा दोनशे वर्षे हेच भाषण मनाच्या गाभाऱ्यातला आवाज म्हणून वाचले, ते कसे? त्याचे कारण इंग्रजीतही संज्ञेचा अर्थ सरकत गेला, हे आहे. हा बदल नेमका कोठे घडला ते दाखविणारा एक दस्तऐवज उपलब्ध आहे. विल्यम काँग्रीव्हच्या ‘द डबल डीलर’ या नाटकावर त्यातील सोलिलोक्वींमुळे टीका झाली. १६९४ मध्ये नाटक छापताना अर्पणपत्रिकेत त्याने उत्तर दिले. एकटा माणूस असे बोलू लागतो तेव्हा तो आपल्याशी बोलत नसतो, स्वतःशीही बोलत नसतो. तो केवळ विचार करीत असतो, आणि असे विचार की जे मोठ्याने बोलणे हा त्याच्या दृष्टीने मूर्खपणा ठरावा. पण आपण प्रेक्षक म्हणजे लपून पाहणारे. आपल्याला कारस्थान कळावे म्हणून कवी नाइलाजाने वाणीचा आश्रय घेतो, कारण विचार पोचविण्याची याहून बरी युक्ती अजून निघालेली नाही, असा त्याचा आशय आहे. मला हा मजकूर इंग्रजी नाट्यविचारातील एक वळण वाटतो. शेक्सपिअरच्या पात्राचा उच्चार हा उच्चार होता. काँग्रीव्हने त्याला विचाराचे निरुपायाने केलेले भाषांतर ठरविले. बचाव करण्याच्या भरात त्याने सोलिलोक्वीचा आवाजच काढून घेतला.

पुढचा प्रवास मग वेगाने होतो. शाफ्ट्सबरीने १७१० मध्ये लेखकांना उपदेश करताना हा शब्द आत्मपरीक्षणाच्या पद्धतीचे नाव म्हणून वापरला. ऑगस्टीनचा दोन आवाजांचा अर्थ त्याने एका परीने परत आणला, पण तो अभ्यासिकेत. चार्ल्स लँबने १८११ च्या निबंधात तर हॅम्लेटची एकांतातली चिंतने नटाने शेकडो लोकांसमोर हातवारे करीत म्हणणे हीच विटंबना मानली. शेक्सपिअर वाचावा, पाहू नये, हा त्याचा पक्ष होता. ए. सी. ब्रॅडली यांनी १९०४ मध्ये असा दंडक घातला की सोलिलोक्वी ऐकताना आपल्याला उद्देशून हे बोलले जात आहे, असे प्रेक्षकाला कधीही वाटता कामा नये. दरम्यान रंगमंच चौकटीत गेला होता. दिवसाउजेडी, तिन्ही बाजूंनी वेढणाऱ्या प्रेक्षकांत उभा असलेला नट आणि अंधारलेल्या प्रेक्षागाराकडे न पाहणारा नट यांच्या तोंडी तेच शब्द तोच व्यवहार करीत नाहीत. इब्सेनने १८६९ मध्ये ‘लीग ऑफ यूथ’ लिहिल्यावर आपल्या नाटकात एकही एकभाषित, इतकेच काय एक असाइडही नाही, असे ब्रांडेसला अभिमानाने कळविले. लॉरेन्स ऑलिव्हिएच्या १९४८ च्या चित्रपटात हॅम्लेटच्या मिटल्या ओठांवरून त्याचा आवाज ऐकू येतो, तेव्हा काँग्रीव्हला हवी असलेली ‘याहून बरी युक्ती’ अखेर निघालेली असते.

या संदर्भात यूजीन ओनील याच्या १९२८ च्या ‘स्ट्रेंज इंटरल्यूड’चा उल्लेख करायला हवा. तेथे पात्रे इतरांच्या देखत आपले मनातले बोलतात आणि बाकीच्यांना ते ऐकू येत नाही. पाश्चात्त्य समीक्षकांना हा धाडसी प्रयोग वाटला; संस्कृत नाटकाच्या वाचकाला ती दुष्यंताची ‘आत्मगत-प्रकाश’ जोडीच पाच तास लांबविलेली वाटेल.

मराठीत ही संज्ञा आली त्या काळाचा विचार येथे महत्त्वाचा ठरतो. आगरकरांनी १८८२ मध्ये डोंगरीच्या तुरुंगात हॅम्लेटचे भाषांतर हाती घेतले आणि १८८३ मध्ये ते ‘विकारविलसित’ या नावाने प्रसिद्ध झाले. हे नावच बोलके आहे : नाटक म्हणजे विकारांचा विलास, हा दृष्टिकोन एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी टीकेच्या मनोविश्लेषक वळणाशी जुळणारा आहे. म्हणजे आपल्याला शेक्सपिअर भेटला तो लँबनंतरचा, आणि त्याला बसविण्यासाठी हाताशी शब्द होता तो धनंजयाचा. काँग्रीव्हने सोलिलोक्वीला निःशब्द केले होते. ‘स्वगता’ला तर अश्राव्यता जन्मजातच होती. दोन निरनिराळ्या कारणांनी मुक्या ठरलेल्या गोष्टी एकमेकींना इतक्या चपखल बसल्या की सांधा दिसेनासाच झाला.

रंगभूमीवर मात्र वेगळेच चालले होते. संगीत नाटकाच्या छापील संहितांत ‘स्वगत’ आणि ‘उघड’ या सूचना जुन्या संस्कृत अर्थानेच येतात. उघड हा ‘प्रकाश’चा किती सुरेख मराठी अवतार आहे! आणि एकट्या नायिकेने आळविलेले पद? ते कोणी ऐकायचे नाही हे नाटककाराला ठाऊक होते, पण प्रेक्षक ‘वन्स मोअर’ देत आणि ती नायिका आपले अश्राव्य दुःख त्यांच्यासाठी पुन्हा गाई. गणपतराव जोशी यांचा हॅम्लेट ज्यांनी गाजविला ते प्रेक्षक याच सवयीचे होते. या व्यवहाराला ‘मनातला विचार’ म्हणणे हा शुद्ध पुस्तकी भ्रम आहे. तो उघड व्यवहार होता.

‘नटसम्राट’ या १९७० च्या नाटकाचा आरंभ अप्पा बेलवलकरांच्या सत्कारसमारंभातील भाषणाने होतो; नाट्यगृहातला प्रेक्षक त्या क्षणी समारंभाचा श्रोता बनतो. पुढे याच नाटकातील ज्या भाषणात हॅम्लेटचा प्रतिध्वनी आहे त्याला आपण सरसकट ‘स्वगत’ म्हणतो. परंतु ज्या माणसाचे आयुष्य प्रेक्षकांसमोर बोलण्यात गेले, तो एकटा असतानाही प्रेक्षकांवाचून बोलू शकतो का, हा तर त्या व्यक्तिरेखेचा गाभा आहे. ‘स्वगत’ शब्दाने तोच प्रश्न पुसला जातो. अप्पांची शोकांतिका समजून घ्यायची तर त्यांच्या भाषणांना अदृश्य प्रेक्षक आहे, असे म्हणावे लागते.

याउलट तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मधील बेणारेचे शेवटचे भाषण. अभिरूप न्यायालय तिला बोलण्यासाठी काही क्षणांची मुदत देते. ती बोलते तेव्हा भोवतालची सगळी माणसे थिजलेली असतात, आणि ती संपते तेव्हा जणू काही बोललेच गेले नाही, अशा थाटात निकाल वाचला जातो. १९६७ च्या या नाटकाच्या चर्चेत हे भाषण ती खरोखर बोलली की तिच्या मनातच झाले, असा वाद अनेकदा होतो. मला वाटते, धनंजयाची संज्ञा येथे अक्षरशः लागू पडते आणि म्हणूनच भेदक ठरते. रंगमंच माणसांनी भरलेला आहे, ती मोठ्याने बोलते आहे, आणि ते अश्राव्य आहे. दुष्यंताचे बोलणे अश्राव्य होते, कारण त्याला लपवायचे होते; बेणारेचे अश्राव्य आहे, कारण कोणाला ऐकायचे नाही. नाट्यसंकेताचे रूपांतर येथे सामाजिक आरोपात झाले आहे. मराठी नाटकातील अस्सल ‘स्वगत’ कोणते, असे कोणी विचारले तर मी अप्पांचे नव्हे, बेणारेचे नाव घेईन.

‘सोलिलोक्वी’ला ‘एकांतभाषण’ म्हणावे आणि ‘स्वगत’ हा शब्द त्याच्या मूळ जागी परत न्यावा, अशी सूचना करण्याचा मोह होतो. पण शंभराहून अधिक वर्षे रुळलेला शब्द एखाद्या लेखाने हलत नसतो, आणि ‘एकांतभाषण’ हा शब्दही निर्दोष नाही. हॅम्लेटच्या बाबतीत एकांत आहे की नाही हाच तर वाद आहे. शब्द राहू द्यावा. मात्र अध्यापन करताना आणि विशेषतः भाषांतर करताना त्याच्याबरोबर येणारे उत्तर आपोआप स्वीकारू नये.

भाषांतराचा प्रश्न किती बारीक असू शकतो, ते एका सर्वनामावरून दिसते. हॅम्लेटच्या त्या भाषणात ‘मी’ नाही, पण इंग्रजी प्रथमपुरुषी अनेकवचन आहे. इंग्रजीत त्या एका शब्दात ‘मी आणि माझ्यासारखे’, ‘मी आणि तुम्ही ऐकणारे’, ‘माणूसमात्र’ असे सारे अर्थ मावतात, आणि कोण ऐकते आहे हा प्रश्न नटाला प्रत्येक प्रयोगात नव्याने सोडविता येतो. मराठीत आपल्याला ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतून निवड करावीच लागते. ‘आम्ही’ म्हटले की श्रोता बाहेर पडतो आणि राजपुत्राच्या तोंडी तर तो शब्द दरबारी ऐटीचाही वाटतो. कर्मणी रचना करून सर्वनामच गाळले की चिंतन कोरड्या सुभाषितासारखे होते. ‘आपण’ मात्र श्रोत्याला आत घेते. आणि त्याच वेळी, मराठी बोलीत एकटा माणूस स्वतःशी बोलताना ‘आपण बरे की आपले काम बरे’ असे जे म्हणतो, त्या स्वतःलाच उद्देशलेल्या वापरालाही ते मोकळे राहते. नटाने प्रेक्षकांकडे पाहून म्हटले तर ते आवाहन, पाठ फिरवून म्हटले तर आत्मसंवाद, आणि पडद्याआडच्या दोघांना ऐकू जाईल अशा बेताने म्हटले तर सापळा. इंग्रजी सर्वनामाची ही तिहेरी मोकळीक मराठीने सांभाळायची, तर भाषांतरकाराने ‘स्वगत’ असा कंस घालण्यापूर्वी थांबावे. फोलिओत त्या भाषणापूर्वी हॅम्लेटच्या प्रवेशाची सूचना आहे. ते कोणी ऐकू नये, अशी सूचना नाही.